एक आई, एक ओळ

४ मार्च, सोमवार

शीट उघडली, बंद केली, चहा पिऊन आले आणि पुन्हा उघडली. तशीच होती!

बारा वर्षांतली सगळी बाळं एकाच पानावर. आमच्या हॉस्पिटलात जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे कान तपासतात, त्याची ही नोंद. हिरव्या ओळी, लाल ओळी, पिवळ्या ओळी, आणि एक असा रंग की ज्याला नावच नाही. एका चौकोनात तारीख, त्यातच फोन नंबर, त्यातच "नवरा बाहेरगावी, संध्याकाळी करा." कुणाला करा? कुठल्या संध्याकाळी? बरं, लिहिणारीला तरी आता आठवतंय का?

हे सगळं महिनाअखेरपर्यंत नव्या डेटाबेसमध्ये जायला हवं. एक तारखेपासून जुनी शीट कुलूपबंद. त्यासाठीच मला इथे घेतलंय. साहेब — म्हणजे ऑफिसचे, डॉक्टर नव्हेत — म्हणाले, हिरव्या ओळी सोडून द्या, त्या बंद केसेस. लाल तेवढ्या हलवा, आठवड्यात मोकळ्या व्हाल.

मी म्हटलं, सगळ्या हलवीन.

का, ते तिथे नीट सांगता आलं नाही.  आत्ता लिहिताना सुचतंय — कुणी, कधी, काय बघून हिरवा रंग दिला हे मला माहीत नाही, आणि नुसत्या रंगावर भरवसा ठेवून मी पोरं टाकून देणार नाही. हे तेव्हा सुचलं असतं तर काय बिघडलं असतं!

५ मार्च, मंगळवार

ताईंशी पहिला खटका. ताई म्हणजे तपासणी करणाऱ्या. वयाने मोठ्या, हॉस्पिटलात डॉक्टरसुद्धा त्यांना ताईच म्हणतात. शीट त्यांनीच सुरू केली, त्यामुळे तिला कुणी पसारा म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठ्या. मी म्हटलं. चूक झाली.

पण त्यांच्याकडून पद्धत समजून घेतली, आणि ती वेडगळ नाही. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला नाव नसतं. मग ओळ आईच्या नावाने. बाळ नापास झालं की ओळ लाल. दोन आठवड्यांनी परत बोलवायचं. तेव्हा पास झालं की त्याच चौकोनात तिरकी रेघ ओढून पुढे "पास" लिहायचं आणि ओळ हिरवी करायची. हिरवी झाली की त्या घरी पुन्हा फोन नाही.

"एक आई, एक ओळ. बारा वर्षं चाललंय," ताई म्हणाल्या.

मी विचारलं, त्याच बाईला दुसरं मूल झालं तर? तर त्याच ओळीत, पुढच्या रिकाम्या जागेत. आणि जागा नसली तर? मग जिथे मावेल तिथे. मी कपाळावर हात मारून घेतला, पण मनातल्या मनात.

माझ्या आराखड्यात तीन तक्ते आहेत. आई, बाळ, तपासणी. एका आईची कितीही बाळं, एका बाळाच्या कितीही तपासण्या, प्रत्येकाला आपापला क्रमांक, कुणी कुणाच्या चौकोनात घुसायचं नाही. ताईंनी चष्मा वर करून बघितलं. म्हणाल्या, म्हणजे एका ओळीच्या तीन केल्यास, काम वाढवलंस की गं.

६ मार्च, बुधवार

फोन नंबरांमध्ये शून्याच्या जागी इंग्रजी ओ. शेकड्याने! दिवस त्यातच गेला. जेवताना नवऱ्याला सगळं रंगवून सांगितलं. तो म्हणाला, "हं."

८ मार्च, शुक्रवार

आज एक पोरगी दोनदा सापडली. एकदा "अमकीचं बाळ", लाल. आणि खाली, खूप खाली, स्वतःच्या नावाने, हिरवी. बारसं झाल्यावर आली असणार, आणि कुणीतरी नवी ओळ घातली. म्हणजे वरची लाल ओळ उगाचच लाल. इतकी वर्षं त्या बाईला "मुलीला तपासणीला आणा" म्हणून फोन जातायत, आणि तिने शेवटी नंबरच बदललाय. मी असते तर मीही बदलला असता.

दोन्ही ओळी जोडल्या. एक आई, एक बाळ, दोन तपासण्या. काय समाधान झालं म्हणून सांगू! आणि सांगणार कुणाला, "हं" म्हणणाऱ्याला?

१० मार्च, रविवार

दादा आला होता. स्वयंपाकघरातली फळी डुगडुगत होती, ती बसवून दिली. सुतार भाऊ असण्याचे फायदे.

दादाला ऐकू येत नाही हे आमच्या घरात कळलं तेव्हा तो पाच वर्षांचा होता. तोवर सगळे त्याला हट्टी म्हणायचे. हाकेला ओ देत नाही, पाठ करून खेळत बसतो, माजलाय. बाबांनी त्या पाठीवर किती वेळा हात टाकला असेल! ज्या डॉक्टरांनी शेवटी सांगितलं ते आईला म्हणाले होते की तीन वर्षांच्या आत आणला असतात तर कानाला मशीन लावून बोलायला शिकला असता. आता शब्द यायचे दिवस गेले. आई ते वाक्य मरेपर्यंत म्हणत राहिली.

दादाचं काही अडलं नाही. हातात कला आहे, बायको-मुलं आहेत, माझ्यापेक्षा बरा संसार करतो. पण ते दिवस गेले ते गेलेच. त्याचा राग मला अजून येतो. हा राग कुणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून मी शीटवर काढते.

मोबाइलवर लिहून त्याने विचारलं, सध्या काय चाललंय. मी लाल-हिरव्याची सगळी गोष्ट लिहिली, साहेबांसकट. त्याने सावकाश वाचलं आणि दोनच शब्द लिहिले.

"सगळ्या हलव."

१३ मार्च, बुधवार

ताईंना तपासणी करताना पाहिलं. बाळ शांत झोपलं तरच जमतं, नाहीतर मशीनला रडणंच ऐकू येतं. तर ताई खोलीत दिवा मंद करून बसून राहतात, बाळाच्या आईशी हलक्या आवाजात गप्पा मारत. पोर झोपलं की एवढंसं टोक कानात. मिनिटभराचं काम, त्यासाठी अर्धा तास बसायचं. माझा तर जीव वर-खाली झाला असता.

नंतर त्यांनी एक कामाची गोष्ट सांगितली. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या कानात पाणी असतं, त्यामुळे चांगलं बाळही कधीकधी नापास होतं. म्हणून दोन आठवडे थांबायचं, त्याआधी पुन्हा तपासून उपयोग नाही, इथे कुणी तपासतही नाही. मी लगेच तो नियम डेटाबेसमध्ये घातला. एकाच बाळाची दुसरी तपासणी दोन आठवड्यांच्या आतली असेल तर नोंद आत घ्यायचीच नाही, बाहेर काढून ठेवायची.

ताई खूश. म्हणाल्या, म्हणजे आता कॉम्प्युटरसुद्धा माझ्या धाकात. मला वाटतं आमचं जमणार!

१४ मार्च, गुरुवार

साहेब येऊन खुर्चीमागे उभे राहिले. लाल ओळी किती झाल्या? मी म्हटलं, लाल कधीच झाल्या, हिरव्या चालू आहेत. ते म्हणाले, मॅडम, तुम्हाला काम संपवायचं आहे की नाही?

मी पुढची हिरवी ओळ उघडली. उत्तर दिलं असतं तर नोकरी गेली असती.

१८ मार्च, सोमवार

आज सगळ्या ओळी एकदम आत सोडल्या. डेटाबेसने भलामोठा ढीग बाहेर फेकला! त्या दोन आठवड्यांच्या नियमात अडकलेल्या.  पण एकेक उघडून बघितलं तर बहुतेक साध्या चुका. पहिली तारीख माउसने खाली ओढताना खालच्या सगळ्या चौकोनांत तीच उतरलेली. खऱ्या तारखा कागदी फायलींमध्ये होत्या. ताई आणि मी दोघी धुळीत बसलो. त्या वाचून दाखवत होत्या, मी टाइप करत होते. ताईंना शिंका, मला शिंका. संध्याकाळी घरी गेले तर नवरा म्हणाला, डोक्यावर काय आहे? जाळं होतं.

१९ मार्च, मंगळवार

ढीग संपला. एक ओळ उरली.

हिरवी. "नापास / पास". दोन्ही तपासण्या एकाच दिवशीच्या. मला वाटलं ही पण ओढलेलीच तारीख. फाइल काढली, तर फाइलमध्येही एकच दिवस, ताईंच्याच अक्षरात. मग वजनाच्या चौकोनाकडे लक्ष गेलं. तिथेही तिरकी रेघ. एक किलो नऊशे, आणि दोन किलो शंभर.

एकच बाळ एका दिवसात दोनशे ग्रॅमने कसं वाढेल?

वाढत नाही. ती दोन बाळं आहेत. जुळी! एक नापास झालं, दुसरं पास. पण एक आई, एक ओळ. दोघांना एकाच चौकोनात रेघ मारून बसवलं. आणि ज्याने रंग दिला त्याने नेहमीसारखं वाचलं — आधी नापास, मग पास, म्हणजे बाळ बरं आहे. ओळ हिरवी. घरी फोन नाही. नापास झालेल्या बाळाची पुन्हा तपासणी झालीच नाही.

ताईंना खुर्चीत बसवून दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून दोन्ही वजनं वाचली. मग म्हणाल्या की जुळ्यांचं त्या लक्षात ठेवायच्या, दोघांना वेगळं बोलवायच्या, आजवर एकदाही चुकलं नव्हतं. पण त्याच आठवड्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या महिनाभर घरी. रंग त्यांच्या बदली आलेल्या मुलीने दिला.

"लक्षात ठेवायचे गं मी," त्या पुन्हा म्हणाल्या. मला त्यांच्याकडे बघवेना. मी उठून चहा आणला.

मुलं जूनमध्ये तीन वर्षांची होतील. म्हणजे अजून वेळ आहे. थोडाच, पण आहे.  त्या दोघांना मी वेगवेगळे क्रमांक दिले. पहिलं बाळ, नापास. दुसरं बाळ, पास.

२० मार्च, बुधवार

नंबर लागत नाही. "हा क्रमांक अस्तित्वात नाही." तो बाईचा गोड आवाज ऐकून फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

२१ मार्च, गुरुवार

लसीकरण विभागात जाऊन हातापाया पडले. त्यांच्याकडे जुळ्यांचा पत्ता होता, नंबरही होता, पण द्यायला तयार नाहीत. लेखी परवानगी हवी. परवानगी साहेबांकडे. साहेब मीटिंगमध्ये. मी मीटिंगच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसले. शिपाई दोनदा येऊन म्हणाला की वेळ लागेल. मी म्हटलं, लागू दे.

साहेब बाहेर आले, मी कागद पुढे केला. ते म्हणाले, "ही हिरवी ओळ ना?"

मी म्हटलं, "हो. तुम्ही सोडायला सांगितलेली."

सही केली. न वाचता नव्हे, वाचून केली. खोटं कशाला लिहू, नंतर स्वतः लसीकरणवाल्यांना फोनही केला.

२२ मार्च, शुक्रवार

आई सापडली! शिवणकाम करते, मागे मशीनचा आवाज येत होता. ताईंनीच फोन केला, मी शेजारी कान लावून. ताईंनी आधी माफी मागितली, सरळ, आडवळण न घेता. मग विचारलं की मुलं कशी आहेत.

बाई आधी घाबरली, मग बोलायला लागली तर थांबेना. दोघेही मुलगेच. धाकट्याचं काही नाही म्हणाली, गुणी पोरगं, भावाच्या मागे मागे असतं, तो करेल ते करतं, रडणं नाही की ओरडणं नाही. पण थोरला! दहा हाका मारा, ढिम्म. खेळत असला की बॉम्ब फुटला तरी मान वळवायचा नाही. वडील वैतागतात, परवा धपाटा घातला. शेजारचे म्हणतात, लाडाने शेफारलाय.

 ताईंच्या हातातून फोन घेतला आणि म्हटलं, त्याला मारू नका. कुणी मारू नका. बुधवारी घेऊन या.  बाई बारीक आवाजात म्हणाली, बुधवारी येते.

घरी येऊन दादाला लिहिलं. त्याने फक्त अंगठा पाठवला.

२५ मार्च, सोमवार

बाकी सगळं आत गेलं. हिरवं, लाल, पिवळं, नाव नसलेलं. नियम आता एकही ओळ बाहेर फेकत नाही. ताईंनी नव्या पडद्यावर पहिलं बाळ स्वतः भरलं. दोन बोटांनी, जीभ बाहेर काढून. जुळ्यांसाठी काय करायचं हे तीनदा विचारलं. मी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा विचारलं तरी सांगेन.

लक्ष कशात नाही. बुधवार.

२७ मार्च, बुधवार

थोरला पास.

दोन्ही कान. ताईंनी मशीन दोनदा लावून बघितलं; एवढं मोठं मूल नुसतं स्वस्थ बसलं तरी पुरतं. तरी माझं समाधान होईना, म्हणून ताई त्याच्यामागे उभं राहून कुजबुजल्या, "चॉकलेट." पठ्ठ्या गर्रकन वळला! त्याला सगळं येतं ऐकू. नुसताच हट्टी आहे. आईने त्याच्याकडे असं बघितलं की मला पोराची काळजी वाटली.

लाजेने मेल्यासारखं झालं. बाईचा कामाचा दिवस बुडाला, दोन बस बदलून आली, पाच रात्री झोपली नव्हती म्हणाली. साहेब दारात येऊन विचारून गेले. पास म्हटल्यावर म्हणाले, चला, चांगलंच झालं. टोमणा मारला नाही, ते जास्त लागलं. मलाही चांगलंच वाटायला हवं होतं. मुलगा बरा आहे, यापेक्षा काय हवं? पण मी इतके दिवस त्याच्या जागी दादालाच बघत होते, हे आत्ता लिहिताना दिसतंय.

ती निघाली होती. पिशवी उचलली, मुलाचा हात धरला. ताई तोवर जुनी फाइल समोर घेऊन बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "थांबा. धाकटा कुठे आहे?"

आजीकडे ठेवलाय, बाई म्हणाली. त्याला कशाला उगाच.

ताईंनी मला विचारलं, थोरला पहिला हे तुला कुणी सांगितलं? मी म्हटलं, पहिलं बाळ नापास असं लिहिलंय, पहिलं म्हणजे थोरलंच ना. त्यांनी मान हलवली. जन्माचा क्रम त्या कधी लिहीतच नव्हत्या. दोघं समोर असली की जो आधी झोपेल त्याची तपासणी आधी.

 नवा कोरा डेटाबेस, वेगळे क्रमांक, सगळे नियम — आणि चुकीच्या पोराच्या नावावर नापास मी लिहिलं होतं.

बाई तयार होईना. पुन्हा दिवस बुडणार, आणि शहाणं पोर आहे, काही दुखत-खुपत नाही. मी तिच्यासमोर बसले. खोटं बोलले नाही. म्हटलं, माझी चूक झाली, कदाचित पुन्हाही होईल, पण दोघांतला एक त्या दिवशी नापास झाला होता आणि तो हा नाही. ताई म्हणाल्या, हवं तर मी मशीन घेऊन तुमच्या घरी येते. तेव्हा बाई म्हणाली, नको, शुक्रवारी मीच आणते.

२८ मार्च, गुरुवार

काही लिहिण्यासारखं नाही. कामात दोन चुका केल्या, दोन्ही सुधारल्या.

२९ मार्च, शुक्रवार

धाकटा आला. एकटा, भावाशिवाय. टापटीप केस, आईच्या तोंडाकडे टक लावून. ताईंनी प्लास्टिकचे पेले दिले, ते एकावर एक रचत बसला. वाऱ्याने मागचं दार धाडकन आपटलं. आई दचकली, मी दचकले. त्याने पुढचा पेला ठेवला.

ताईंनी दोन्ही कानांना मशीन लावलं. मग पुन्हा लावलं. मग काढून ठेवलं आणि त्याच्या आईचा हात हातात घेतला.

ती म्हणाली, "पण हा तर मला कधीच त्रास देत नाही हो."